सामानाचं अनेकवचन

स्टोअरच्या डोक्यावर पत्र्याचा एक पोटमाळा होता, तिथं माझं टेबल. खालचा मोठा प्रेस आदळला की कपातला चहा गोल गोल हलायचा. २०१३ चा एप्रिल होता. वाळूज एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात माझं खातं 'ईडीपी'. ह्या तीन अक्षरांचा अर्थ एचआरलाही सांगता यायचा नाही. कामगार सोयीनं 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणायचे. प्रिंटरमध्ये कागद अडकला, टाइम ऑफिसचं पंचिंग मशीन बंद पडलं, मालकांच्या मुलाचा मोबाइल हँग झाला, की जिन्याखालून हाक यायची.

कारखाना व्हेंडरचा. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या मागं सुटे भाग करणाऱ्या शेडची रांग लागली. गंगापूर तालुक्यातल्या शेतांच्या जागी प्लॉट पडले, बजाजनगर वसलं, रांजणगाव शेणपुंजीत खोल्यांवर खोल्या चढल्या. आम्ही त्याच रांगेतले: पत्र्याचे ब्रॅकेट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगवरचं मशीनिंग. माल कोणाकडं जायचा ते सांगत नाही. पुढं एक गोष्ट येणार आहे, तिच्यात चूक माझीच होती.

माझ्या आधीच्या माणसानं फॉक्सप्रोमध्ये एक प्रोग्राम करून ठेवला होता आणि तो स्वतः पुण्याला निघून गेला होता. सगळेच पुण्याला जातात. प्रोग्राम काळ्या पडद्यावर चालायचा, एकाच मशीनवर, आणि महिनाअखेरीला हमखास रुसायचा. मालकांनी तयार ईआरपीचं कोटेशन मागवलं, आकडा वाचला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि मला म्हणाले, "तूच कर काहीतरी. ब्राउझरमध्ये दिसलं पाहिजे." मी पीएचपी घेतलं, मायएसक्यूएल घेतलं, आणि वेब अ‍ॅप्लिकेशनची तयार चौकट म्हणून 'यी' घेतली. मूळच्या चीनच्या च्यांग श्वे ह्या प्रोग्रामरनं ती २००८ मध्ये बाहेर आणली होती. ती मी निवडली त्याचं खरं कारण सांगायचं तर तिच्यात 'गी' नावाचं एक साधन होतं, जे आपल्या वाटणीचा कोड स्वतः लिहायचं. आमच्याकडं अर्धी बोली हिंदी. मेंटेनन्सच्या एकानं ते नाव पडद्यावर वाचलं आणि तेव्हापासून रोज विचारायचा, "सर, आज घी लगाया क्या?"

गी काय लिहायचं, तर मॉडेल क्लास. हा प्रकार मी त्या वेळी स्टोअरच्या काकांना जसा सांगितला तसाच इथं सांगतो. काका स्टोअरकीपर, साठीला टेकलेले, चष्म्याच्या एका काडीला दोरा. त्यांच्या कपाटात लाल बांधणीची रजिस्टरं उभी असायची. मी म्हणालो, डेटाबेसमधलं एक टेबल म्हणजे तुमचं एक रजिस्टर. वर रकान्यांची नावं, खाली नोंदी. पण रजिस्टरला तोंड नाही. तारखेच्या रकान्यात कोणी 'दोन ट्रॉली' लिहिलं तरी ते गप्प. म्हणून प्रत्येक रजिस्टरमागं एक कारकून बसवायचा. नोंद आणायची तर त्यानं आणायची, लिहायची तर त्याच्या हातूनच. हा रकाना रिकामा चालणार नाही, इथं आकडाच पाहिजे, हे नाव पन्नास अक्षरांच्या पुढं जाऊ नये, आणि ह्या चलनाचा पार्टी नंबर पार्टीच्या रजिस्टरमध्ये सापडला पाहिजे, एवढं त्याला पाठ. तो कारकून म्हणजे मॉडेल क्लास. ही पद्धत मार्टिन फाउलरनं २००२ च्या आपल्या पुस्तकात 'अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड' ह्या नावानं मांडली होती, आणि २००४ मध्ये आलेल्या रूबी ऑन रेल्सनं ती जगभर नेली. काकांना एवढं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "आन् त्या कारकुनाला पगार?" मी म्हणालो, नाही. "मग टिकायचा नाही," म्हणाले.

असे कारकून हातानं लिहायचे तर एकेकाला अर्धा दिवस. गी काय करतं, टेबलाची रचना वाचतं. रकाना पन्नास अक्षरांचा आहे, तर 'जास्तीत जास्त पन्नास' असा नियम. रिकामा चालत नाही, तर 'आवश्यक'. आकड्यांचा आहे, तर 'पूर्णांकच'. एका टेबलातून दुसऱ्याकडं फॉरेन की, म्हणजे त्या पार्टी नंबरसारखा दुवा, गेलेली असेल, तर ह्याचा त्याच्याशी काय संबंध, तोही लिहून मोकळं. मी टेबलाच्या नावाच्या जागी नुसती फुली टाकली, म्हणजे सगळीच टेबलं, आणि बटण दाबलं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावून खाली ठेवली तोवर सगळ्या कारकुनांच्या फाइली फोल्डरमध्ये हजर. त्या दिवशी मी पहिल्या पाळीच्या बसनं घरी गेलो. प्रोग्रामरला असं सुख फार वेळा मिळत नाही.

ह्या सुखात पहिला खडा लागला तो हसण्यासारखा. मी टेबलांना मराठी नावं दिली होती, रोमन लिपीत. एका विभागात अनेक कामगार, म्हणून गीनं त्या नात्याला अनेकवचनी नाव देताना केलं 'कामगार्स'. ठीक आहे, आमचे साहेब लोकही तसंच बोलतात. पण 'सामान' नावाचं टेबल होतं, त्याचं अनेकवचन झालं 'सामेन'. मी बराच वेळ ते बघत बसलो. मग लक्षात आलं. इंग्रजीत 'मॅन'चं 'मेन' होतं, आणि तो नियम गीच्या आत लिहून ठेवलेला. शब्दाच्या शेवटी 'मॅन'ची ती तीन रोमन अक्षरं दिसली की झालं. सामानाच्या शेपटीत त्याला माणूस दिसला होता. मी ते बदललं नाही. दोन वर्षं आमच्या कोडमध्ये 'सामेन' नांदत होतं.

दुसरा खडा मात्र पायात घुसला. पार्ट नंबर. गिऱ्हाईक कंपनीचे काही पार्ट नंबर शून्यानं सुरू व्हायचे, दोन-दोन शून्यं. मी पार्टची यादी डिस्पॅचच्या एक्सेलमधून उचलली होती आणि एक्सेलनं पुढची शून्यं आधीच गिळली होती. यादीत सगळे आकडेच दिसले, म्हणून मी तो रकाना आकड्यांचा केला. गीनं टेबल वाचलं आणि इमानेइतबारे नियम लिहिला: पूर्णांकच. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा नव्या प्रोग्राममधून बिनचे स्टिकर छापले. टेम्पो गेला आणि दोन तासांनी फोन आला की माल गेटवर उभा आहे. त्यांचा स्कॅनर शून्याशिवायचा नंबर ओळखत नाही. डिस्पॅचचा माणूस आणि मी, दोघं मोटारसायकलवर हातानं लिहिलेली स्टिकरं घेऊन गेलो आणि तिथल्या रिसीव्हिंगच्या शेडमध्ये, पावसाच्या चिखलात, बिनवर बिन चिकटवत बसलो.

परत येताना मी मनातल्या मनात गीला शिव्या देत होतो. पंढरपूरच्या चौकात सिग्नलला थांबलो (आमचं वाळूजचं पंढरपूर, आषाढीला सगळं शहर जिथं चालत येतं ते) आणि तिथं डोकं जरा थंड झालं. गीनं काय चूक केली? मी रकाना आकड्यांचा म्हटला, त्यानं आकड्यांचा धरला. पार्ट नंबर हे नाव आहे, त्याची बेरीज कधी कोणी करणार नाही, हे टेबलात कुठं लिहिलं होतं? संध्याकाळी काकांचं रजिस्टर उघडलं. त्यात प्रत्येक पार्ट नंबर दोन शून्यांसकट, ठळक, वर्षानुवर्षं. रजिस्टर माझ्या पायाखालच्या खोलीत होतं आणि मी यादी एक्सेलमधून उचलली होती.

ह्या कामातला सगळ्यात मोठा भाग चलनांचा. तो जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण वाळूजमधल्या छोट्या कारखान्यांचा जीव चलनात असतो. आमच्याकडं सगळी कामं होत नसत. प्लेटिंग, पावडर कोटिंग, थोडं टर्निंग बाहेरच्या छोट्या शेडमध्ये जायचं. हा माल विकलेला नसतो, काम करून परत यायचा असतो, म्हणून त्याच्याबरोबर जॉब वर्कचं चलन. त्याला सगळे 'सत्तावन्न एफ चार' म्हणायचे. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या जुन्या नियमांतला तो नियम कधीच गेला होता, त्याच्या जागी २००४ च्या सेनव्हॅट क्रेडिट नियमांतलं कलम आलं होतं, पण कारखान्यात नियम मरतो आणि नंबर राहतो. अट अशी की माल १८० दिवसांत परत आला पाहिजे, नाहीतर त्यावर घेतलेलं क्रेडिट उलटवा. त्यामुळं कुठलं चलन कधी गेलं, त्यातलं किती परत आलं, हे रोजचं दुखणं.

आणि परत येणं कधीही एकदम होत नाही. हजार नग गेले की आधी चारशे येतात, आठवड्यानं साडेतीनशे, मग दीडशे, मग फोन करावे लागतात. उरलेल्यांत काही रिजेक्शन, काही हरवलेले. मी 'चलन' आणि 'परत' अशी दोन टेबलं केली होती आणि परतीच्या प्रत्येक नोंदीत चलनाचा क्रमांक. दोघांत फॉरेन कीही टाकली होती. पण गीनं लिहिलेल्या क्लासमध्ये नात्यांची जागा रिकामी. दोन दिवस शोधलं. जुन्या मशीनवर मायएसक्यूएल ५.१ होतं, आणि त्यात टेबल मुकाट्यानं बनवलं की ते मायआयएसएएम ह्या जातीचं होतं. ही जात फॉरेन कीची आज्ञा वाचते, 'हो' म्हणते आणि विसरून जाते. चूक दाखवत नाही. असा एक सुपरवायझर मी पुढं प्रत्यक्षात पाहिला, पण ते जाऊ द्या.

टेबलं इनोडीबी ह्या फॉरेन की पाळणाऱ्या जातीत बदलली आणि पुन्हा फॉरेन की टाकायला गेलो तर डेटाबेसनं हात आडवा घातला. चूक क्रमांक १४५२. अर्थ असा की पोटच्या टेबलात अशा नोंदी आहेत ज्यांना आई-बाप नाहीत. परतीच्या नोंदी आहेत, चलनच नाही. चलनं आहेत, पार्टीच नाही. शोधून काढल्या तर शंभराच्या वर.

काकांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि एका नावाशी बोट थांबलं. रांजणगावच्या बाजूला एक प्लेटिंगवाला होता, त्याचं शेड बंद पडलं होतं. तो गेला म्हणून डेटा एंट्रीच्या मुलीनं पार्टीच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं होतं. तिच्या दृष्टीनं बरोबरच. नसलेल्या माणसाचं नाव यादीत कशाला? पण त्याच्या नावावरची सगळी चलनं त्या दिवसापासून उघडी पडली. काका म्हणाले, "शेड बंद पडलं, पर आपले नग त्याच्याकडंच हायेत ना. सातबाऱ्यावरचा माणूस वारला तर नुसतं नाव खोडत्यात का? वारस लावावे लागत्यात. फेरफार लागतो."

मी फॉरेन कीची व्याख्या इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी वाचली होती. त्यानंतर ती कोणाला समजावून सांगायची वेळ आली की मी सातबाराच सांगत आलो. नाव काढायला गेलात तर डेटाबेस म्हणतो, थांबा, ह्याच्या नावावर अजून जमीन आहे. ती चूक १४५१. अस्तित्वात नसलेल्याच्या नावावर जमीन चढवायला गेलात तर १४५२. तलाठी, मंडळ अधिकारी, दोघंही आत बसलेले. फक्त चहापाणी लागत नाही.

त्या शंभरावर नोंदी मिटवायला तीन रात्री गेल्या. दुसरी पाळी सुटल्यावर स्टोअर शांत व्हायचं. काका लाल रजिस्टरं घेऊन बसायचे, मी लॅपटॉप घेऊन. ते चलन नंबर वाचायचे, मी शोधायचो. कुठं एक आकडा उलटा पडलेला, कुठं एकच परत दोनदा चढलेली. आणि कुठं चलन खरंच कधी फाडलंच नव्हतं, माल तोंडी सांगून गेला होता. अशा नोंदींपुढं काकांच्या रजिस्टरमध्ये लाल पेनानं काहीतरी असायचं. तिसऱ्या रात्री मी बटण दाबलं आणि गीनं सगळी नाती ओळीनं लिहून दिली. काम यंत्रानं काही सेकंदांत केलं, असं मालकांना वाटलं. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

लाल पेनाचा रकाना मला नंतर कितीतरी दिवस छळत होता. त्याला शीर्षक नव्हतं. रजिस्टर छापताना छापखान्यानं शेवटी एक जागा रिकामी सोडली होती आणि काका तिथं मनाला येईल ते लिहायचे. मी त्याचं टेबलात नाव ठेवलं 'शेरा', लांबी २५५, रिकामा चालेल. गीनं त्याप्रमाणं नियम लिहिला. पुढच्याच आठवड्यात काका जिना चढून वर आले, पहिल्यांदाच. पडद्यानं त्यांची नोंद परत पाठवली होती. शेरा २५५ अक्षरांपेक्षा जास्त होता. मी तो वाचला आणि रकान्याची लांबीची अट काढून टाकली.

मराठीत लेबलं देण्याचा उद्योगही त्याच वर्षीचा. शॉप फ्लोअरवर पडदा लावायचा ठरलं आणि ऑपरेटरना इंग्रजी लेबलं नकोत असं मालकच म्हणाले. प्रत्येक फॉर्ममध्ये जाऊन हातानं लिहायचं माझ्या जिवावर आलं. मग सापडलं की टेबलाच्या प्रत्येक रकान्याला एक टीप जोडता येते आणि गीमध्ये एका चौकटीत खूण केली की ती टीपच लेबल होते. म्हणजे मराठी एकदाच लिहायची, रकान्याच्या पोटात. लिहिली, बटण दाबलं, आणि पडद्यावर सगळीकडं प्रश्नचिन्हं. डेटाबेसशी बोलणारी तार लॅटिन अक्षरांसाठी जोडलेली होती; ती यूटीएफ-८ केली तेव्हा देवनागरी उमटली. मग खरा घोळ सुरू झाला. मी शब्दकोश उघडून 'अस्वीकृत नग' लिहिलं होतं. ऑपरेटर पडद्यासमोर उभे राहून हसत. एकानं विचारलं, "सर, हे अस्वीकृत म्हंजी ओके का नॉट ओके?" 'साचा' लिहिलं, तर टूलरूमवाला म्हणाला साचा गणपतीचा असतो, हा डाय आहे. शेवटी पडद्यावर राहिलं ते रिजेक्शन, रिवर्क, डाय, लॉट, पाळी, नग, चलन आणि शेरा. आमची मराठी एवढीच आणि ती पुरते.

२०१५ चा प्रसंग सांगायला अजून लाज वाटते. तोवर चलनाच्या क्लासमध्ये मी हातानं बरंच काही घातलं होतं. १५० दिवस झाले की नोंद पिवळी, १७० झाले की लाल आणि काकांना रोज सकाळी यादी. गिऱ्हाइकाच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी गाडी नंबरचा एक रकाना वाढवायचा होता. टेबलात वाढवला, म्हटलं क्लासही गीकडूनच करून घेऊ. गी विचारतं, फाइल आधीच आहे, वेगळी आहे, वरून लिहू का? आणि शेजारी दाखवतंही, काय जाईल ते लाल, काय येईल ते हिरवं. मी लाल ओळी वाचल्या नाहीत. खूण केली आणि बटण दाबलं. माझं हातानं लिहिलेलं सगळं गेलं. गीनं पुन्हा एक नवा, कोरा, आज्ञाधारक कारकून बसवला, ज्याला १८० दिवस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कोडच्या जुन्या प्रती सांभाळणारं गिट तेव्हा आमच्याकडं नव्हतं. पेन ड्राइव्हवर तीन आठवड्यांपूर्वीची प्रत मिळाली, उरलेलं रात्रभर आठवून लिहिलं. ऑडिट पार पडलं. ऑडिटरनं ते पान उघडलंच नाही.

त्यानंतर मी क्लासची दोन घरं केली. गी जे लिहील ते तळघरात, त्याला मी हात लावायचा नाही. माझं जे असेल ते वरच्या मजल्यावर, तळघरातल्यावर उभं, तिथं गीनं पाय ठेवायचा नाही. पुष्कळ जण असंच करतात. मला ते सुचायला एक रात्र जाळावी लागली.

ह्या दोन घरांचा उपयोग १ जुलै २०१७ ला कळला. जीएसटी. एक्साइजचे रकाने निघाले, व्हॅटचे निघाले, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आले, प्रत्येक पार्टला एचएसएन कोड. दुचाकीच्या भागांचा ८७१४ त्या महिन्यात सगळ्यांना तोंडपाठ झाला. टेबलं बदलली, तळघर पुन्हा गीकडून लिहून घेतलं, वरचा मजला जागचा हलला नाही. पण वरच्या मजल्यावरचा नियमच बदलला होता. १८० दिवसांच्या जागी आता कच्च्या मालाला एक वर्ष, यंत्रसामग्रीला तीन वर्षं, आणि डाय, जिग, फिक्श्चर ह्यांना त्या तीन वर्षांच्या मुदतीतून सूट. टूलरूमच्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सरकारमध्ये कोणीतरी प्रेस शॉप पाहिलेला दिसतोय. डाय बाहेर गेला की तो वर्षानुवर्षं तिथंच राहतो, हे सगळ्या वाळूजला माहीत. टेबलात 'डाय आहे की माल' असा रकानाच नव्हता. तो वाढवला आणि प्रत्येक जुन्या नोंदीत काय भरायचं ते विचारायला पुन्हा खाली स्टोअरमध्ये गेलो. काका निवृत्त व्हायला तेव्हा काही महिने होते.

२०२३ मध्ये आमच्या औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि मालकांनी सांगितलं की बिलावर, चलनावर, सगळीकडं नवं नाव आलं पाहिजे. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. बघतो तर शहराचा रकाना मी दहा वर्षांपूर्वी मोकळा ठेवलेला, ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं. औरंगाबाद पूर्ण, औरंगाबाद अर्धं, नुसतं 'ए-बाद', आणि वाळूजचीच इंग्रजीत चार स्पेलिंगं. शहरांचं एक वेगळं टेबल करून त्याचा क्रमांक पार्टीत ठेवला असता तर एक ओळ बदलून भागलं असतं. काकांच्या शाळेत शिकलेला मी, आणि पत्त्याला वारस लावायचं राहूनच गेलं. ते टेबल आता केलं. पुढच्याच वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा खरंच एक ओळ बदलली. त्या दिवशी मला कोणीतरी पाठीवर थाप मारावी असं वाटत होतं; खोलीत कोणी नव्हतं.

आता पोटमाळा गेला. ऑफिसला काच आहे, एसी आहे, सर्व्हर दुसरीकडं कुठंतरी भाड्यानं आहे. गेल्या वर्षी एक पोरगा आलाय, इंजिनिअर. हुशार आहे. तो गीही वापरत नाही. टेबलाची रचना एआयला देतो आणि क्लास, नियम, फॉर्म, टेस्ट, सगळं मागून घेतो. चांगलं येतं. 'सामान'चं 'सामेन' होत नाही. मी बघत असतो आणि फार बोलत नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मलाही कोणी बोललेलं चाललं नसतं.

परवा त्यानं विचारलं, "सर, चलन परतीच्या टेबलात हा 'शेरा' कामून ठेवलाय? कुठल्याच रिपोर्टला येत नाही. लांबीची अट नाही, काहीही भरलेलं आहे. काढून टाकू?"

मी त्याला जुलै २०१६ ची एक नोंद उघडून दिली. काकांनी एका बोटानं टाइप केलेली, विरामचिन्हं नसलेली. चारशे नग परत आले, टेम्पोची ताडपत्री फाटलेली होती, माल भिजलेला आहे, आज मोजून घेतला पण वजन घेऊ नये, उन्हात वाळल्यावर घ्यावे, ड्रायव्हरचा दोष नाही, त्याला जेवण दिले, गंज दिसल्यास प्लेटिंगवाल्यावर टाकू नये.

पोरानं दोनदा वाचलं. मग विचारलं, वाळल्यावरचं वजन कुठल्या रकान्यात आहे? मी म्हणालो, त्याच्या खालच्या नोंदीत बघ, शेऱ्यातच असेल.